तळहातावरचे ‘झीरो’

जपानमधील शिझुओका शहरात दर वर्षी मे महिन्यात ‘शिझुओका हॉबी शो’ भरतो. त्याच्या जोडीने १९९० पासून मॉडेल बांधणाऱ्या मंडळांचे एकत्रित प्रदर्शनही भरविले जाते. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी त्यात खंड पडला, तेवढाच. जपानमधून आणि परदेशांतूनही आलेली ही मंडळे लांबच लांब टेबलांवर आपापली कामे मांडून बसतात. जहाजे, रणगाडे, मोटारी, रोबो असे सारे काही तेथे असते. पण दुसऱ्या महायुद्धातील जपानी विमाने हटकून असतातच. वर्षभर खपून तयार केलेले वीतभर रुंदीचे ‘झीरो’ लढाऊ विमान टेबलावर ठेवलेले असते. त्यापुढे थबकणारा जाणकार ‘छान जमले आहे’ एवढे म्हणून पुढे सरकत नाही. तो वाकतो, शेपटीजवळची हिरव्या रंगाची कड निरखतो आणि विचारतो : हे मित्सुबिशीचे की नाकाजिमाचे?

त्रयस्थाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. ‘झीरो’चा आराखडा जिरो होरिकोशी या अभियंत्याने मित्सुबिशी कंपनीसाठी तयार केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु या जातीची जी १० हजारांहून अधिक विमाने बनली, त्यांपैकी निम्म्याहून जास्त विमाने नाकाजिमा या दुसऱ्याच कंपनीने बांधली. युद्धाच्या उत्तरार्धातील ‘मॉडेल ५२’ या प्रकारात वरची बाजू गडद हिरवी आणि पोट राखाडी असे. या दोन रंगांमधील रेषा मित्सुबिशीच्या विमानावर शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ जाते, तर नाकाजिमाच्या विमानावर ती वळण घेत आडव्या शेपटीकडे वर चढते. म्हणजे एका वळणावरून कारखाना ओळखता येतो. कारखान्यावरून विमानाची तुकडी, काळ आणि रणक्षेत्र यांचा माग काढता येतो. या प्रश्नात या छंदाचे मर्म आहे. वरवर पाहता हा प्लॅस्टिकचे तुकडे जोडण्याचा खेळ. प्रत्यक्षात तो पुरावे तपासण्याचा उद्योग आहे, आणि तो एकट्याने होत नाही.

शाळकरी मुलांची विमाने

विमानांच्या प्रतिकृतींचा इतिहास युद्धापासून वेगळा काढता येत नाही. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने देशभरातील शाळांकडे एक मागणी नोंदविली. निरनिराळ्या ५० जातींच्या विमानांच्या एकूण ५ लाख लाकडी प्रतिकृती विद्यार्थ्यांनी बनवून द्याव्यात, अशी ती मागणी होती. आकाशातील ठिपका आपला की शत्रूचा, हे क्षणार्धात ओळखण्याची सवय सैनिकांच्या आणि विमानविरोधी तोफा चालविणाऱ्यांच्या डोळ्यांना लागावी, हा त्यामागील हेतू. या ५० जातींमध्ये जपानी विमानेही होती. पॅसिफिकच्या एका किनाऱ्यावरील मुले अशी विमाने तासत असताना दुसऱ्या किनाऱ्यावर जपानी शाळांतही मॉडेल विमाने बनविणे हा शिक्षणाचा भाग झाला होता. लाकडाच्या काड्या आणि कागद यांची ती ग्लायडरे उडविणारा मुलगा उद्याचा वैमानिक व्हावा, ही सरकारची अपेक्षा होती.

अमेरिकी शाळांतील प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण ठरविण्यात आले होते आणि तेच आजही विमानांच्या मॉडेलांमध्ये सर्वाधिक रुळलेले आहे. त्यामागचे गणित सोपे आहे. सहा फूट उंचीचा माणूस म्हणजे ७२ इंच. १:७२ प्रमाणात तो बरोबर एक इंचाचा होतो. १:४८ मध्ये एका फुटाचा पाव इंच होतो. १२ मीटर पंखविस्ताराचे सुरुवातीचे ‘झीरो’ १:७२ मध्ये १६.७ सेंटिमीटर, १:४८ मध्ये २५ सेंटिमीटर आणि १:३२ मध्ये ३७.५ सेंटिमीटर रुंद भरते. कावानिशी कंपनीची ३८ मीटर पंखविस्ताराची चार इंजिनांची उडती नौका मात्र १:७२ मध्येही अर्ध्या मीटरपेक्षा मोठी होते. घरातील कपाटाची रुंदी आणि घरच्या मंडळींची सहनशीलता या दोन्ही गोष्टी पाहूनच प्रमाण निवडावे लागते.

शिझुओका : लाकडापासून प्लॅस्टिककडे

जपानमध्ये तयार होणाऱ्या प्लॅस्टिक मॉडेलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माल शिझुओका परिसरातून येतो. तोकुगावा राजवटीत तेथील मंदिरांच्या बांधकामासाठी कुशल सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर जमले आणि कायमचे स्थायिक झाले. त्यातून फर्निचर, बाहुल्या व लाकडी खेळणी यांचे धंदे वाढले. १९२४ साली आओशिमा यांनी येथे व्यवसायाचा पाया घातला. ते स्वतः वैमानिक होते. हासेगावा कंपनी १९४१ मध्ये लाकडी मॉडेले बनविण्यासाठी सुरू झाली. योशियो तामिया यांनी १९४६ साली उभारलेला उद्योग मुळात लाकूड कापण्याचा होता.

पराभवानंतर दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने जपानवर विमाने बनविण्याची, उडविण्याची, इतकेच काय त्यांवर संशोधन करण्याचीही बंदी घातली. ती १९५२ पर्यंत टिकली. जे देशाला बनविता येत नव्हते, ते पुढे मुलांच्या टेबलावर बनू लागले. १९५८ मध्ये मारुसान या कंपनीने अमेरिकी ‘नॉटिलस’ पाणबुडीचे किट काढून जपानी प्लॅस्टिक मॉडेलांचा आरंभ केला. तामियाचे पहिले प्लॅस्टिक किट १९६० मध्ये आले. ते होते ‘यामातो’ या युद्धनौकेचे. त्यानंतर लाकडी मॉडेलांचा काळ झपाट्याने मागे पडला. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरायचे आणि थंड झाल्यावर भागांची चौकट बाहेर काढायची, ही रीत आजही तीच आहे. फरक पडला तो साच्याच्या बारकाव्यात. तामियाने २०१६ मध्ये काढलेल्या ‘हिएन’ विमानाच्या १:४८ किटमध्ये विमानाच्या धडाची एक बाजू पारदर्शक प्लॅस्टिकचीही दिलेली आहे. ती वापरली, तर आतील इंजिन आणि चालककक्ष बाहेरून दिसत राहतात.

बांधणीची रीत

किटच्या पेटीत चौकटीला लटकलेले भाग, पारदर्शक प्लॅस्टिकचे काचभाग, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रखुणांचा कागद आणि सूचनापत्रक असते. नवखा माणूस प्रथम धडाचे दोन अर्धे जोडायला धावतो. अनुभवी माणूस चालककक्षापासून सुरुवात करतो. कारण धड बंद झाले, की आत हात पोहोचत नाही. आसन, उपकरणांची पाटी आणि दांडे रंगवून बसविल्यावरच धड मिटते.

चौकटीपासून भाग कापताना तो थोडा अंतर राखून कापावा आणि उरलेला कोंब कानस किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा. सांध्यावर पातळ सिमेंट लावले, की प्लॅस्टिक किंचित विरघळून दोन्ही बाजू एकजीव होतात. हे सिमेंट गोंदासारखे मधे चिकटून राहत नाही. ते उडून जाते आणि प्लॅस्टिकच प्लॅस्टिकला धरून ठेवते. उरलेली फट पुट्टीने भरून पुन्हा घासायची. या घासण्यात पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेषा पुसल्या जातात. त्या सुईने पुन्हा ओढाव्या लागतात. पंखांना वर उचललेला कोन दोन्ही बाजूंना सारखा आहे की नाही, हे समोरून एक डोळा मिटून पाहावे. रंग कितीही देखणा असला, तरी वाकडा पंख लपत नाही.

‘झीरो’च्या बाबतीत सर्वांत जिकिरीचे काम काचेच्या छताचे. वैमानिकाला चौफेर दिसावे म्हणून या विमानाचे छत अनेक छोट्या काचांच्या चौकटींनी बनविलेले होते. प्रत्येक काचेवर मास्किंग टेपचा नेमका तुकडा चिकटवायचा आणि उघड्या राहिलेल्या पट्ट्या रंगवायच्या. एका छतावर दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. म्हणूनच मंडळांमध्ये आधीच कापून मिळणाऱ्या टेपची देवाणघेवाण चालते आणि टेप काढताना उडालेला रंग कसा दुरुस्त करावा, यावर तासन्‌तास चर्चा रंगते.

रंग एअरब्रशने फवारले जातात. पातळ थर, दोन थरांमध्ये पुरेशी वेळ आणि कोरडी हवा ही त्याची पथ्ये. मुंबई किंवा कोकणातील पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. तेथील हौशी माणसाने फवारणीची कामे दिवाळीनंतरसाठी राखून जून ते सप्टेंबर कापणे-जोडणे उरकावे, हे उत्तम. पंखांवरील लाल सूर्यबिंब पाण्याच्या चित्रखुणेने लावता येते. पण तो नुसता एकरंगी गोल असल्यामुळे अनेकजण वर्तुळ कापून फवारणीच पसंत करतात. तसे केले, की चित्रखुणेची चकचकीत कड दिसत नाही आणि रंग पत्र्यावरच बसल्यासारखा वाटतो.

रंगाचा वाद

या छंदातील सर्वांत जुना आणि न मिटणारा वाद रंगाचा आहे. पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी गेलेल्या ‘झीरो’ विमानांचा रंग नेमका कोणता होता? जुन्या किटांच्या पत्रकांत तो जवळजवळ पांढरा राखाडी दाखविलेला असे. तथापि, १९४२ च्या आरंभीच्या एका जपानी नौदल अहवालात त्या रंगाचे वर्णन किंचित ‘आमेइरो’कडे झुकणारा राखाडी असे केलेले आहे. ‘आमे’ म्हणजे जपानी साखरपाकाची मिठाई. ‘आमेइरो’ म्हणजे तिची पिवळसर तपकिरी छटा. पाडलेल्या विमानांचे जे पत्र्याचे तुकडे उरले आहेत, त्यांवरही राखाडीबरोबर हिरवट-पिवळसर झाक आढळते. आता ही झाक मुळातील, की वार्निश आणि रंग जुना होऊन आलेली, येथून वादाला तोंड फुटते. तामियाने पुढे या छटेसाठी राखाडी-हिरवा असा स्वतंत्र रंगच बाजारात आणला. पण त्यानेही वाद संपला नाही.

असे वाद निर्माण होण्याचे कारण गंभीर आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती जाहीर होताच जपानी सैन्याने आपली कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर जाळली. धावपट्ट्यांवर उरलेली हजारो विमाने दोस्तांच्या सैन्याने मोडून टाकली किंवा जाळली. तपासणीसाठी निवडलेली दीडशेच्या आसपास विमाने जहाजांतून अमेरिकेला गेली. त्यांतीलही बरीच पुढे भंगारात निघाली. नाकाजिमाच्या ‘हायाते’ या सुमारे ३,५०० संख्येने बनलेल्या लढाऊ विमानाचा आज जगात एकच नमुना उरला आहे. तो कागोशिमा प्रांतातील चिरान येथील संग्रहालयात आहे. मूळचे साकाए इंजिन बसविलेले आणि उडू शकणारे ‘झीरो’ कॅलिफोर्नियातील चिनो येथील संग्रहालयाकडे आहे. १९४४ मध्ये सायपान बेटावर ते अमेरिकेच्या हाती लागले होते.

त्यामुळे कृष्णधवल छायाचित्रे, पत्र्याचे तुकडे, शत्रूपक्षाच्या तांत्रिक नोंदी आणि उरलेल्या लोकांच्या आठवणी एवढ्यावरच सारे उभे करावे लागते. चालककक्षाचा हिरवा मित्सुबिशीचा वेगळा आणि नाकाजिमाचा वेगळा. आतील पत्र्यावर गंजरोधक म्हणून फासलेले ‘आओताके’ नावाचे पारदर्शक निळे-हिरवे लॅकर ठिकठिकाणी कमी-जास्त गडद. विमाने भूदलाची की नौदलाची, यावरही बरेच अवलंबून असते. कारण जपानकडे स्वतंत्र हवाई दल नव्हते आणि दोन्ही दलांचे रंग, अंक व पद्धती निरनिराळ्या होत्या. भूदलाच्या अनेक विमानांवर अस्तर न देता उघड्या धातूवरच हिरवा रंग मारला जाई. उष्ण प्रदेशात त्याचे पोपडे निघत. ती जीर्ण अवस्था दाखविण्यासाठी मॉडेलावर चंदेरी थर देऊन त्यावर मिठाचे खडे चिकटवितात, वरून हिरवा रंग फवारतात आणि मीठ खरवडून काढतात. परंतु १९४१-४२ मधील विमानवाहू नौकांवरच्या ‘झीरो’चा रंग चांगला टिकाऊ होता. त्यावर असे पोपडे दाखविले, तर काम देखणे दिसेल. खरे ठरणार नाही.

एकत्र बसण्याचे कारण

म्हणूनच हा छंद मंडळाकडे वळतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या संस्थेतून पुढे प्लॅस्टिक मॉडेल बांधणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना वाढली आणि अनेक देशांत तिच्या शाखा निघाल्या. शाखांच्या आत विषयवार गट असतात. महिन्याला एकदा जमायचे, अर्धवट कामे सोबत आणायची, एकमेकांच्या चुका दाखवायच्या, उरलेल्या चित्रखुणा वाटून घ्यायच्या, असा साधारण क्रम. अनेक गट काही महिन्यांसाठी एकच विषय ठरवितात. सर्वांनी तेवढ्या काळात त्याच जातीचे विमान बांधायचे, पण प्रत्येकाने वेगळ्या तुकडीचे, वेगळ्या वर्षाचे.

या पद्धतीचा लाभ टेबलावर दिसतो. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा विमानवाहू नौकांच्या विमानांवर धडाभोवती रंगीत पट्टे होते : ‘आकागी’चा एक तांबडा, ‘कागा’चे दोन तांबडे, ‘सोर्यू’चा एक निळा, ‘हिर्यू’चे दोन निळे, ‘शोकाकू’चा एक पांढरा, ‘झुइकाकू’चे दोन पांढरे. सहाजणांनी सहा विमाने बांधून ओळीने ठेवली, की पुस्तकातील कोष्टक डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांतील एकाने धडावरील सूर्यबिंबाभोवती पांढरी कड दिलेली असेल, तर दुसरा लगेच हटकतो : ती रीत नाकाजिमाच्या विमानांची, पर्ल हार्बरची ‘झीरो’ तर मित्सुबिशीची होती. ज्याला तीन महिन्यांची मेहनत खरवडून पुन्हा करावी लागते, त्याला क्षणभर राग येतो. पण पुढच्या बैठकीस तो दुरुस्त विमान घेऊन येतो, हेही तितकेच खरे.

भारताच्या आकाशात

पुढे १९४२ च्या एप्रिलमध्ये यांतील ‘कागा’ वगळता उरलेल्या पाच नौका हिंदी महासागरात शिरल्या. ५ एप्रिलला ईस्टरच्या रविवारी त्यांच्या विमानांनी कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला केला. ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका त्याच दिवशी बुडाली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब पडले. ते टाकणारी नाकाजिमा बनावटीची विमाने मात्र बंगालच्या उपसागरात स्वतंत्रपणे फिरणाऱ्या ‘र्यूजो’ या छोट्या विमानवाहू नौकेची होती.

या ‘र्यूजो’चे नाव मॉडेल बांधणाऱ्यांच्या परिचयाचे आहे ते आणखी एका कारणाने. दोनच महिन्यांनी, ४ जून १९४२ रोजी, तिच्यावरून उडालेले तादायोशी कोगा या तरुण वैमानिकाचे ‘झीरो’ अलास्काजवळील आकुतान बेटावर दलदलीत उतरताना उलटले. वैमानिक जागीच मरण पावला, विमान मात्र जवळजवळ शाबूत राहिले. अमेरिकी नौदलाने ते सान डिएगोला नेऊन दुरुस्त केले आणि सप्टेंबरमध्ये उडवून त्याच्या गुणदोषांची परीक्षा केली. जास्त वेगात त्याच्या पंखांवरील नियंत्रणे जड होतात आणि सुरात खाली झेपावताना इंजिन अडखळते, हे त्यातून उघड झाले. दलदलीत उलटे पडलेले ते विमान, नंतर अमेरिकी चिन्हे रंगविलेले तेच विमान, अशी दोन्ही रूपे मॉडेलात बांधली जातात.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी भूदलाचे मुख्य लढाऊ विमान ‘झीरो’ नव्हते. ते होते नाकाजिमाचे ‘की-४३’ ऊर्फ ‘हायाबुसा’, म्हणजे बहिरी ससाणा. दुरून ते ‘झीरो’सारखेच दिसत असल्यामुळे वैमानिकांच्या अहवालांत दोहोंची सर्रास गल्लत झालेली आढळते. ६४ व्या तुकडीच्या ‘हायाबुसा’ विमानांच्या शेपटीवर बाणाची खूण असे. या तुकडीचा नामांकित प्रमुख तातेओ कातो २२ मे १९४२ रोजी बंगालच्या उपसागरावर ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बफेक्या विमानाच्या तोफकऱ्याकडून मारला गेला. कोलकात्यावर २० डिसेंबर १९४२ पासून जपानी बॉम्बहल्ले सुरू झाले. ५ डिसेंबर १९४३ रोजी भर दिवसा खिदिरपूर गोदीवर मोठा हल्ला झाला. १९४४ मध्ये इम्फाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन लढत होती. ‘हायाबुसा’ आणि भारतीय हरिकेन १:७२ मध्ये शेजारी शेजारी ठेवणे, हा भारतीय हौशी मंडळींना सुचणारा स्वाभाविक विषय आहे.

मित्सुबिशीचे ‘की-२१’ हे भूदलाचे दोन इंजिनांचे बॉम्बफेके विमान भारतीयांच्या मनात वेगळ्याच कारणाने रुतलेले आहे. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैपेई येथे या जातीच्या विमानाला झालेल्या अपघातात नेताजी सुभाषचंद्र बोस मृत्यू पावल्याचे जपानने जाहीर केले. १९५६ ची शाहनवाझ समिती आणि १९७४ मध्ये अहवाल देणारा खोसला आयोग यांनी ते ग्राह्य धरले, न्या. मुखर्जी आयोगाने २००५ मध्ये अमान्य केले आणि केंद्र सरकारने २००६ मध्ये त्या आयोगाचा निष्कर्ष फेटाळला. १:७२ मध्ये ३१ सेंटिमीटर रुंदीचे हे विमान बांधणारा भारतीय माणूस पंख जोडताना केवळ पंख जोडत नसतो.

पेटीवर न छापलेले

किटच्या पेटीवरील चित्र नेहमीच देखणे असते. ढगांतून सुटलेले विमान, उन्हात चमकणारे पंख, दूरवर धूर. हे चित्र जितके खरे, तितकेच अपुरे आहे.

‘झीरो’ची कथा त्यातील विसंगतीसह सांगावी लागते. अतिशय हलका सांगाडा, नवी अॅल्युमिनियमची मिश्रधातू, ३ हजार किलोमीटरचा पल्ला यांमुळे ते १९४० साली जगातील अग्रगण्य लढाऊ विमान होते. हे वजन वाचविण्यासाठी वैमानिकामागचे चिलखत आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या टाक्या मात्र दिलेल्या नव्हत्या. मार्च १९३९ मध्ये त्याचा पहिला नमुना नागोयाच्या कारखान्यातून सुमारे ४८ किलोमीटरवरील कागामिगाहाराच्या धावपट्टीवर नेण्यात आला, तो बैलगाड्यांवर लादून. कारखान्याला धावपट्टी नव्हती आणि खडबडीत रस्त्यावर ट्रकने नाजूक सांगाड्याला धक्के बसले असते. १ एप्रिल १९३९ रोजी ते प्रथम उडाले.

१३ सप्टेंबर १९४० रोजी चीनमधील चोंगछिंगवर १३ ‘झीरो’ विमानांनी पहिली लढाई जिंकली. जपान्यांनी २७ विमाने पाडल्याचा दावा केला. चिनी नोंदींतील आकडा त्याहून बराच कमी आहे. ‘झीरो’ मात्र एकही पडले नाही. बांधणाऱ्यांमध्ये ही आकडेवारी तोंडपाठ असते. परंतु ही विमाने तेथे गेली होती ती चोंगछिंग शहरावर वर्षानुवर्षे बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना संरक्षण देण्यासाठी, हेही त्याच वाक्याचा भाग असायला हवे. तसेच कारखान्याचे. १९४४ मध्ये शिक्षण आणि पगार यांचे आमिष दाखवून कोरियातून आणलेल्या किशोरवयीन मुली मित्सुबिशीच्या नागोयातील विमान कारखान्यात राबत होत्या. ७ डिसेंबर १९४४ च्या भूकंपात त्यांतील काही मुली मृत्युमुखी पडल्या. त्यांना भरपाई द्यावी, असा निर्णय दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी दिला. १९६५ च्या करारानेच हा प्रश्न मिटला आहे, अशी जपान सरकारची भूमिका आहे.

सर्वांत अवघड मॉडेल मात्र सर्वांत लहान आहे. ‘ओका’, म्हणजे चेरीचा फुलोरा, हे नाव दिलेल्या विमानाला चाके नव्हती, परत येण्याची सोय नव्हती. नाकात १,२०० किलो स्फोटके, मागे रॉकेटे आणि मधे एक माणूस. मोठ्या विमानाच्या पोटाखाली लटकवून ते लक्ष्यापर्यंत न्यायचे आणि सोडून द्यायचे. २१ मार्च १९४५ रोजी पहिल्या मोहिमेवर निघालेली १८ वाहक विमाने लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पाडली गेली. एकही परतले नाही. १:४८ प्रमाणात ‘ओका’ जेमतेम ११ सेंटिमीटरचे होते. भाग मोजके, रंग साधे. तंत्राच्या दृष्टीने नवशिक्याला एका रविवारी जमावे असे हे किट आहे. पण बहुतेक मंडळांत ते टेबलावर आले, की बोलणे काही काळ थांबते. चालकाची जागा मोकळी ठेवावी, की तेथे आकृती बसवावी, हा प्रश्न कौशल्याचा उरत नाही.

या विमानांचे सौंदर्य आणि त्यांचे काम यांतील ताण जपानी समाजातही मिटलेला नाही. हायाओ मियाझाकी यांचा होरिकोशींवरील ‘काझे ताचिनु’ हा अॅनिमेशनपट २०१३ मध्ये आला. त्याची मूळ चित्रकथा २००९-१० मध्ये ‘मॉडेल ग्राफिक्स’ या मॉडेलविषयक मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली होती. मियाझाकी यांच्या कुटुंबाचा कारखाना युद्धकाळात ‘झीरो’चे भाग बनवीत असे. चित्रपट युद्धाला सुंदर करतो, असा आक्षेप कोरियात घेतला गेला; तो पुरेसा राष्ट्रप्रेमी नाही, असा आक्षेप जपानमधील काहींनी घेतला. एका विमानावर प्रेम करणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी जाब विचारला गेला.

छंद करणाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग साधा आहे. मॉडेलाशेजारी ठेवलेली चिठ्ठी. चांगल्या मंडळांत तिच्यावर केवळ किटचे नाव आणि रंगांचे क्रमांक नसतात. विमान कोणत्या कारखान्यात बनले, कोणत्या तुकडीत होते, कोठे लढले, कोण उडवीत होता, त्याचे आणि त्याने ज्यांच्यावर हल्ला केला त्यांचे पुढे काय झाले, हे चार-पाच ओळींत लिहिलेले असते. १९४२ मध्ये शाळकरी मुलांनी ही विमाने बनविली, ती आकाशात ती ओळखता यावीत म्हणून. आज ती बनविणाऱ्यांसमोरही काम तेच आहे. फक्त ओळख पटविण्यासाठी आता क्षण नव्हे, वर्ष खर्चिता येते, आणि चूक झाली तर शेजारी बसलेला माणूस सांगतो.